आई-वडिलांसाठी सरकारी कार्ड की खासगी पॉलिसी? बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घरांसाठी तपासणी

बेळगावातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात वयस्कर माणसाला दाखल करायला गेलं की काउंटरवर दोन प्रश्न ठरलेले असतात. "रेशनकार्ड कुठलं आहे?" आणि "इन्शुरन्स आहे काय?" स्ट्रेचरवर वडील, हातात फाइल, पुण्याहून मुलाचे फोनावर फोन, आणि त्या गडबडीत दिलेल्या उत्तरावर पुढचा दीड-दोन लाखांचा हिशेब ठरतो. रुग्ण सरकारी योजनेत चढला की त्याच उपचाराचा थोडा भार खासगी पॉलिसीवर टाकू असं जमत नाही. योजनेत ठरलेलं पॅकेज असतं, विमा कंपनीला दाखवायचं वेगळं बिल तयारच होत नाही. उलट, पैसे भरणारा म्हणून दाखल झालेल्याला चौथ्या दिवशी "आता कार्डावर घ्या" म्हटलं तर पूर्वमंजुरीची वेळ निघून गेलेली असते. म्हणून हा निर्णय माणूस धडधाकट असताना, घरी बसून, कागद समोर घेऊन करायचा.

आमचं मत आधीच सांगतो. बीपीएल किंवा अंत्योदय कार्ड असलेल्या घराने खासगी पॉलिसीच्या मागे धावू नये. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं, कार्ड असलेल्या 60 ते 69 वयाच्या माणसाला खासगी पॉलिसीवाचून गत्यंतर नाही. सत्तरी ओलांडलेल्याने सरकारी कार्ड जरूर काढावं, पण चालू असलेली जुनी पॉलिसी त्या भरवशावर सोडू नये. का, ते आता एकेक करून.

आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक

राज्याची आरोग्य कर्नाटक योजना मार्च 2018 मध्ये आली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर ती केंद्राच्या आयुष्मान भारतात मिसळली. चालवते ती सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट. बीपीएल आणि अंत्योदय कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत. हप्ता नाही, वयाची अट नाही, आणि म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून चालतो. वीस वर्षांची शुगर, जुना बीपी, आधी टाकलेला स्टेंट, कशाचीही आडकाठी नाही. बहुतेक खासगी पॉलिसींत हे मिळत नाही.

गैरसमज एपीएलवाल्यांचा होतो. "सगळ्यांना पाच लाख" हे वाक्य गावोगाव फिरतं, पण कर्नाटकात एपीएल कुटुंबाला मिळतात ते पॅकेजच्या दराचे 30 टक्के, आणि तेही कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. यातला "पॅकेजच्या दराचे" हा शब्द महत्त्वाचा. समजा शस्त्रक्रियेचं पॅकेज 1 लाखाचं आहे आणि रुग्णालयाचं प्रत्यक्ष बिल 1 लाख 80 हजार झालं. सरकारची मदत 30 हजारांवर थांबते. 1 लाख 80 हजारांचे 30 टक्के काढून 54 हजार मिळतील असं धरून बसलेल्या घरांची डिस्चार्जच्या दिवशी धावपळ होते. काउंटरवर आधीच दोन्ही आकडे लिहून मागा: पॅकेजचा दर किती, आणि तुमचं अंदाजपत्रक किती.

रेशनकार्ड बीपीएल आहे हे नुसतं धरून चालू नका. कार्डांची छाननी होते, मुलाने आयकर भरला की त्याच कार्डावरच्या आईचंही कार्ड एपीएलमध्ये जाऊ शकतं, आणि हे घरी कळतं ते दवाखान्यात कार्डाचा नंबर टाकल्यावर. वर्षातून एकदा अन्न खात्याच्या संकेतस्थळावर किंवा ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात कार्डाची स्थिती बघून घ्यावी. पाच मिनिटांचं काम आहे.

खरी अडचण येते ती शिफारसपत्राची, ज्याला सगळे "रेफरल" म्हणतात. नियोजित उपचारासाठी बीपीएल रुग्णाने थेट खासगी रुग्णालयात जाऊन कार्ड पुढे केलं तर चालत नाही. आधी सरकारी रुग्णालय. खानापूर, चिक्कोडी, गोकाक, अथणीची तालुका रुग्णालयं, नाहीतर बेळगावचं बिम्स, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचं सिव्हिल. तिथे केसपेपर काढायचा, तज्ज्ञ डॉक्टरला दाखवायचं. तो उपचार तिथे होत असेल तर तिथेच करावा लागतो. सोय नसेल तर संगणकावरून रेफरल निघतो आणि मग योजनेत नोंदलेल्या खासगी रुग्णालयांपैकी एक तुम्ही निवडता. साध्या शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयातच करायच्या, अवघड आणि अतिविशेष उपचारांना रेफरल द्यायचा, अशी ही रचना आहे.

इथे तीन चुका सारख्या होतात. पहिली, आधी खासगीत दाखल होऊन मग रेफरल आणायला माणूस पळवणं. मागाहून रेफरल मिळत नाही. दुसरी, सोमवारी सकाळी अकराला पोचणं. ओपीडीची चिठ्ठी सकाळी लवकर निघते, त्या दिवशी हवा तो तज्ज्ञ बसतो का हे आदल्या दिवशी विचारून जावं, नाहीतर वयस्कर माणसाची ओढाताण फुकट जाते. तिसरी, जुने रिपोर्ट घरी ठेवून जाणं. ॲन्जिओग्राफीची सीडी, इकोचा कागद, बायोप्सीचा अहवाल जवळ असेल तर रेफरलवर नेमकी शस्त्रक्रिया लिहिली जाते. नुसतं मोघम लिहिलेलं असेल तर पुढच्या रुग्णालयात पूर्वमंजुरी अडते आणि परत सिव्हिलची वारी.

तातडीच्या प्रसंगी मात्र रेफरल लागत नाही. हृदयविकाराचा झटका, गंभीर अपघात अशा वेळी योजनेत नोंदलेल्या कुठल्याही रुग्णालयात थेट न्यायचं आणि दाखल करतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या तिथल्या माणसाला, गाठायचं. आरोग्यमित्राचा टेबल बहुतेक ठिकाणी प्रवेशद्वाराजवळ असतो. "कार्ड उद्या आणतो" म्हणू नका, रेशनकार्डाचा आणि आधारचा फोटो त्याच्या हातात द्या. झटक्याच्या बाबतीत आणखी एक. तालुका रुग्णालयांत पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेखाली गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेसचं इंजेक्शन मोफत देतात. खानापूरहून बेळगावपर्यंत तसंच ओढत आणण्याआधी तिथल्या तिथे ईसीजी काढून ते इंजेक्शन मिळतंय का बघणं शहाणपणाचं आहे. हृदयाच्या स्नायूचं नुकसान मिनिटांवर चालतं.

योजनेचं वजन मोठ्या उपचारांत कळतं: बायपास, कर्करोगाची किमो, मेंदूची शस्त्रक्रिया. उणीव आहे ती निवडीची. वॉर्ड जनरल, डॉक्टर त्या दिवशी ज्याची पाळी असेल तो, आणि नियोजित शस्त्रक्रियेला तारखेची वाट. मोतीबिंदूला तर या कार्डाच्या मागे लागूच नये. अंधत्व निवारण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत आणि शिबिरांत ती शस्त्रक्रिया मोफत होते, 5 लाखांच्या मर्यादेला हात न लावता.

नावातला एक काना

सीमाभागात योजना जितक्या वेळा नियमांनी अडते, तितक्याच वेळा नावाने अडते. आईचं नाव शाळेच्या मराठी दाखल्यावर लक्ष्मीबाई, कन्नड रेशनकार्डावर लक्ष्मव्वा, आधारवर इंग्रजीत लक्ष्मी, बँकेत माहेरचं आडनाव. घरच्यांना ती एकच बाई, पण संगणकाला चार. आडनावाच्या जागी गावाचं नाव, नवऱ्याच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, पुरुषांच्या बाबतीत "अप्पा" कधी जोडलेला तर कधी तुटलेला, हे प्रकार घरटी सापडतील. उपाय एकच: आधार हा पाया धरायचा आणि रेशनकार्ड, बँक, पॉलिसी त्याच्याशी जुळवून घ्यायची. पण त्याआधी आधारवरचंच नाव आणि जन्मसाल बरोबर आहे ना हे बघा. जन्मतारखेची दुरुस्ती साधारण एकदाच करता येते, त्यामुळे पेन्शनचा आदेश, पासपोर्ट किंवा जन्मदाखला असा पक्का कागद हाती असल्याशिवाय ती संधी वापरू नका.

दुसरी अडचण बोटांची. निपाणी भागात आयुष्यभर विड्या वळलेल्या बायकांचे, तंबाखूच्या वखारीत राबलेल्यांचे ठसे मशीनवर उठत नाहीत. केंद्रावरचा मुलगा चार वेळा बोट दाबतो आणि "होईना" म्हणून परत पाठवतो. परत येऊ नका. ओळख पटवायला डोळ्याची बुबुळं, चेहरा किंवा मोबाइलवरचा ओटीपी हे पर्याय आहेत. ओटीपी हवा असेल तर आधारशी जोडलेला नंबर चालू हवा, आणि तो मुंबईत नोकरीला असलेल्या नातवाचा असेल तर त्याला त्या वेळी फोनवर थांबायला सांगा.

सत्तरीनंतरचं कार्ड

29 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने 70 आणि त्यापुढच्या सगळ्यांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. वर्षाला 5 लाख. घरात आजोबा आणि आजी दोघंही सत्तरीपुढचे असतील तर हे 5 लाख दोघांत मिळून, प्रत्येकी नव्हे. बीपीएल कुटुंबाच्या आधीच्या 5 लाखांशिवाय हे वेगळे, आणि तरुणांना त्यात वाटा नाही. वय आधारवरून धरलं जातं. स्वतःच्या हिशेबाने बहात्तर वर्षांचे असलेले आणि आधारवर सदुसष्टचे निघालेले बरेच आहेत, त्यांना थांबावंच लागेल.

कार्ड घरी काढता येतं. आयुष्मान ॲपवर मोबाइल नंबरने आत जायचं, 70 प्लसचा पर्याय निवडायचा, आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी किंवा चेहऱ्याने केवायसी, मग फोटो, पत्ता, पिनकोड आणि दुसरी कुठली सरकारी योजना आहे का त्याची माहिती. खासगी पॉलिसी असली तरी कार्ड मिळतं. इंटरनेटची धास्ती असेल तर ग्राम वन किंवा कर्नाटक वन केंद्रात आधार घेऊन जावं.

आता सावधानतेचं. कार्ड निघालं म्हणजे उपचार ठरला असं नाही. कार्ड केंद्राच्या ॲपवर निघतं, पण कर्नाटकातली पूर्वमंजुरी राज्याच्या ट्रस्टमार्फत होते, आणि खर्चात केंद्राचा वाटा किती यावरून राज्याची नाराजी उघड आहे. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी आरोग्यमित्राला नेमका प्रश्न विचारा: या रुग्णालयात, या शस्त्रक्रियेला, 70 प्लसच्या खात्यातून पूर्वमंजुरी लावता काय? उत्तर "बघू", "होईल बहुतेक" असं आलं तर ते "नाही" धरा. राज्याच्या 104 आणि केंद्राच्या 14555 या मदतवाहिन्यांवर फोन करून तोच प्रश्न परत विचारा. स्पष्ट "हो" मिळत नाही तोवर खासगी पॉलिसीचा हप्ता थांबवणं म्हणजे दोन्ही दगडांवरचे पाय काढून घेणं.

मराठा लाइट इन्फन्ट्रीमुळे बेळगाव परिसरात माजी सैनिकांची घरं पुष्कळ. त्यांच्यासाठी वेगळा इशारा. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना असलेल्याने वय वंदना घ्यायचं तर दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. ईसीएचएस सोडू नका. त्यात पॉलिक्लिनिकमधली तपासणी आणि महिन्याची औषधं येतात, वय वंदना फक्त दाखल झाल्यावरच्या खर्चाचं आहे. 5 लाखांचा आकडा बघून भुलण्यासारखा हा सौदा नाही.

सहकारी संस्थांच्या सभासदांची यशस्विनी आरोग्य योजना 2018 मध्ये बंद झाली होती, ती जानेवारी 2023 पासून पुन्हा चालू आहे. ग्रामीण भागात चार जणांच्या कुटुंबाला 500 रुपये, शहरी संस्थेच्या सभासदाला 1,000, पुढच्या प्रत्येक माणसामागे अनुक्रमे 100 आणि 200, आणि संरक्षण 5 लाखांचं. एवढ्या पैशांत इतकं संरक्षण दुसरीकडे नाही, त्यामुळे कृषी पत्तीन (शेतकऱ्यांची कर्जसोसायटी) किंवा दूध संघाच्या एपीएल सभासदाने ती घ्यावीच. मात्र नोंदणी वर्षातल्या ठरावीक मुदतीतच होते. आजारपण आल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलात तर उपयोग नाही. आणि गुडघ्याचा कृत्रिम सांधा वगैरे डोळ्यांसमोर ठेवून ती घेत असाल तर आधी वगळलेल्या उपचारांची यादी मागून वाचा.

खासगी पॉलिसी: चार ओळी ज्या एजंट वाचून दाखवत नाही

आधी एक नावाचा गोंधळ. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या सरकारी मालकीच्या कंपन्या आहेत, पण त्यांची पॉलिसी ही सरकारी योजना नव्हे. नियम खासगी कंपन्यांसारखेच. तसंच "आरोग्य संजीवनी" ही सगळ्या कंपन्यांना विकावी लागणारी प्रमाणित पॉलिसी वेगळी, आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची "कर्नाटक आरोग्य संजीवनी" वेगळी.

वयस्करांसाठी पहिली ओळ प्रतीक्षा काळाची. एप्रिल 2024 पासून आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त 3 वर्षं थांबवता येतं, पूर्वी 4 होती. मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट, मूतखडा यांना साधारण 2 वर्षं, सांधेबदलाला 3 पर्यंत. म्हणजे गुडघा दुखायला लागल्यावर घेतलेली पॉलिसी त्या गुडघ्याला उपयोगी पडेपर्यंत तीन हप्ते भरून झालेले असतात. म्हणून साठीच्या आत-बाहेर घेतलेली पॉलिसी आणि बहात्तराव्या वर्षी घेतलेली पॉलिसी यांची किंमत सारखी नाही, छापील कागद सारखा असला तरी. त्याच एप्रिलपासून 65 ची वयोमर्यादाही नियमातून गेली आहे. पण दार उघडलं म्हणजे कंपनी घेईलच असं नाही, वैद्यकीय तपासणीवरून ती नाकारू शकते.

दुसरी ओळ को-पेची. ज्येष्ठांसाठीच्या पॉलिसींत प्रत्येक दाव्यातला ठरावीक हिस्सा तुमचा. स्टार हेल्थची सीनियर सिटिझन्स रेड कार्पेट 60 ते 75 वयाला आधी तपासणी न करता मिळते, जुन्या आजाराला थांबावं लागतं फक्त 12 महिने, आणि त्या सोयीची किंमत म्हणून 30 टक्के को-पे. 2 लाखांच्या मान्य दाव्यात 60 हजार घरचे. ज्याला दुसरीकडे कोणी घेत नाही अशा मधुमेही माणसासाठी हा व्यवहार ठीक आहे. निरोगी बासष्टीच्या माणसाने मात्र तपासणीला सामोरं जाऊन को-पे नसलेली किंवा 5-10 टक्क्यांचीच पॉलिसी शोधावी. हप्ता जास्त वाटेल, पण पहिल्याच दाखल होण्यात फरक भरून निघतो.

तिसरी ओळ खोलीच्या भाड्याची, आणि सगळ्यात जास्त पैसे इथे गळतात. हिशेब करून दाखवतो. आरोग्य संजीवनीत खोलीभाडं विमा रकमेच्या 2 टक्के, जास्तीत जास्त 5,000 रोज. विमा 2 लाखांचा, म्हणजे 4,000 ची खोली बसते. आईला आराम पडावा म्हणून 6,000 ची घेतली, पाच दिवस. बिल असं: खोली 30,000, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून 90,000, औषधं, तपासण्या आणि इतर साहित्य 40,000. एकूण 1,60,000. घरच्यांना वाटतं, वरचे दोन हजार रोजचे, म्हणजे दहा हजार आपले. तसं होत नाही. खोलीचे 20,000 मान्य. पण 4,000 ला 6,000 या प्रमाणात डॉक्टर आणि थिएटरचा खर्चही कापला जातो, 90,000 चे होतात 60,000. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही प्रमाणातली कपात लागत नाही, पण हातमोजे वगैरे न मिळणाऱ्या वस्तू समजा 6,000 च्या निघाल्या, उरले 34,000. बेरीज 1,14,000, त्यावर 5 टक्के को-पे, हातात 1,08,300. घरचे गेले 51,700. हीच आई 4,000 च्या खोलीत राहिली असती तर 1,50,000 च्या बिलात 1,36,800 मिळाले असते आणि घरचे 13,200. दहा हजारांच्या आरामाची किंमत अडतीस हजार पाचशे जास्त. दाखल करताना काउंटरवर पहिलं वाक्य हेच असू द्या: "आमच्या पॉलिसीत बसणारी खोली किती भाड्याची?" जमलं तर खोलीची मर्यादा नसलेली पॉलिसीच घ्या. आरोग्य संजीवनीत मोतीबिंदूलाही एका डोळ्यामागे विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40,000, यातली कमी रक्कम, एवढीच मर्यादा आहे.

चौथी ओळ पत्त्याची. बऱ्याच पॉलिसींचे हप्ते शहराच्या गटावर ठरतात. पुण्यातला मुलगा आईची पॉलिसी स्वतःच्या पत्त्यावर घेतो आणि महागड्या गटाचा हप्ता भरतो, आई मात्र कायम बेळगावजवळच्या येळ्ळूरला. उलट बेळगावच्या पत्त्यावर स्वस्तात घेऊन मुंबईत शस्त्रक्रिया केली तर काही पॉलिसींत गट बदलल्याचा जादा को-पे लागतो. आई खरोखर उपचार कुठे घेणार, ते ठरवून पत्ता द्या.

हप्त्याबद्दल दोन दिलासे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला आहे, नूतनीकरणाच्या नोटिशीत ती ओळ दिसली तर हरकत घ्या. आणि जानेवारी 2025 च्या आदेशानुसार ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं. हप्ता झेपेना झाला तर पॉलिसी मोडण्याआधी कंपनी बदलण्याचा, म्हणजे पोर्टचा, पर्याय बघा. अर्ज नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी जायला हवा, आणि भरलेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही.

कोल्हापूर, मिरजेचं काय

निपाणीच्या माणसाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, अथणीच्या माणसाला मिरज जवळ. खासगी पॉलिसी इथे निर्विवाद सरस आहे, राज्याची हद्द तिला नसते. सरकारी कार्डाचं तसं नाही. आयुष्मान भारत देशभर चालतं हे केंद्राच्या मूळ यादीतल्या कुटुंबांसाठी खरं आहे. राज्याने आपल्या यादीत वाढवलेल्या बीपीएल घरांनी हद्द ओलांडून ते गृहीत धरू नये. आपलं नाव कुठल्या यादीत आहे हे 14555 वर विचारून मगच गाडी कोल्हापूरकडे वळवा.

महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली आणि त्यावर कर्नाटकाने जोरदार आक्षेप घेतला. आपल्या लोकांसाठी ही आस्थेची गोष्ट आहे, आणि गाव त्या यादीत असेल तर हक्क सोडू नये. पण म्हाताऱ्या माणसाचं आजारपण हे दोन राज्यांच्या भांडणाची परीक्षा घेण्याची वेळ नव्हे. कागदपत्रं आजारपणाआधी त्या योजनेत नोंदलेल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या रुग्णालयात दाखवून खात्री करून घ्या, आणि कर्नाटकचं कार्डही जिवंत ठेवा.

ईसीएचएस सोडलं तर महिन्याच्या गोळ्या यांतल्या कुठल्याच कार्डात किंवा साध्या पॉलिसीत येत नाहीत, आणि बहुतेक वृद्धांचा खरा रोजचा खर्च तोच असतो. बीपी-शुगरच्या गोळ्या सरकारी रुग्णालयाच्या एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) क्लिनिकमध्ये मोफत मिळतात, बाकीच्या जनऔषधी दुकानातून घ्याव्यात. पॉलिसीच्या हप्त्यातून वाचलेले पैसे या कामी वेगळे ठेवले तर तेही संरक्षणच आहे.

दावा नाकारला जातो तो कुठे

खासगी पॉलिसीत अर्ज भरताना एजंट "बीपी आहे काय" या रकान्यात नाही लिहून टाकतो, हप्ता कमी यावा म्हणून. तो नंतर सापडत नाही, पॉलिसीवर सही आईची असते. रोज एक गोळी चालू असेल तर तीही लिहा. सलग 60 महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला जुनी माहिती उकरून दावा नाकारता येत नाही, त्यामुळे पहिली पाच वर्षं खंड पडू देऊ नका. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. आपल्या पत्त्यासाठी ते कार्यालय बेंगळुरूला आहे, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात, आणि कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज जायला हवा.

कॅशलेसची मंजुरी कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असते, उशिराने वाढलेला खर्च कंपनीचा. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर 48 तास आधी कळवा, तातडीने दाखल झालात तर 48 तासांच्या आत.

आणि त्या धावपळीत एक कागद मात्र स्वतः वाचा: दाखल करतानाची केस हिस्ट्री. रात्री दोनला शिकाऊ डॉक्टर विचारतो, "आजींना बीपी कधीपासून?" आणि सोबतचा भाचा अंदाजाने म्हणतो, "असेल की दहाएक वर्षं." तो आकडा डिस्चार्ज समरीत उतरतो, आणि कंपनीच्या कार्यालयात पॉलिसीच्या तारखेशी ताडून पाहिला जातो. पहिल्यांदा निदान झालं ते प्रिस्क्रिप्शन जवळ असेल तर डिस्चार्जच्या आधीच डॉक्टरांना दाखवून खरी तारीख लिहून घ्या आणि त्या दुरुस्तीवर सही-शिक्का मागा. एकदा घरी गेल्यावर तो कागद बदलून मिळणं फार कठीण.